भोक लहान, शिवण मोठी

जव्हार-मोखाड्यातल्या बाईचं वर्ष आधीच वाटून गेलेलं असतं. उन्हाळ्यात राब भाजायचे, पावसात आवणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी. भात घरात आलं की कित्येक पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. जे मागे राहतात त्यांच्या डोक्यावर उन्हाळाभर पाण्याचे हंडे. एवढ्यात आजारपणाला जागा कुठून काढायची? म्हणून पाळीत जास्त जायला लागलं तरी बाई ते दोन-तीन वर्षं अंगावर काढते. मग एक दिवस चक्कर येऊन पडते, सोनोग्राफी होते, ‘पिशवीत गाठ आहे’ असं कळतं आणि घरचे एका संध्याकाळी ठरवून टाकतात, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.

आधी नको इतका उशीर, मग नको इतकी घाई. या दोन्हींच्या मधली वाट दाखवण्यासाठी हा लेख आहे. तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल, आईसाठी किंवा जावेसाठी वाचत असाल, किंवा आशाताई म्हणून पाड्यावर समजावून सांगायला वाचत असाल, तरी तो उपयोगी पडावा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल आता सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ‘तीन-चार भोकं पाडतात, दोन दिवसांत घरी.’ हे खरं आहे, पण अर्धंच. पोटावरचं भोक लहान असलं तरी आत गर्भपिशवीला घातलेली शिवण मोठी असते, आणि ती भरून यायला लागायचे तेवढे आठवडे लागतातच. ऑपरेशन करायचं का, कोणतं, आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात, हे ठरवताना एवढी एक गोष्ट विसरू नका.

गाठ म्हणजे काय, आणि ती कुठे आहे

गर्भपिशवीची भिंत स्नायूंची असते. त्याच स्नायूचे धागे गुंडाळले जाऊन टणक गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला फायब्रॉइड म्हणतात. तो वाटाण्याएवढा असतो, कधी नारळाएवढाही होतो. एकच असतो, नाहीतर आठ-दहाही असतात. ही कर्करोगाची गाठ नव्हे, आणि फायब्रॉइड म्हणून दिसलेल्या गाठीत कर्करोग निघणं फारच विरळ. पाळी सुरू आहे तोवर ती वाढू शकते, पाळी गेली की सहसा आकसते. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांच्या पिशवीत अशी एखादी तरी गाठ झालेली असते आणि त्यांतल्या पुष्कळजणींना तिचा पत्ताही नसतो. म्हणून पहिला नियम असा, की त्रास नसेल तर केवळ सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून ऑपरेशन करायचं नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा पाहायचं.

गाठ किती मोठी, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. कारवीच्या कुडाचं घर डोळ्यांपुढे आणा. एक गाठ कुडाच्या आतल्या बाजूने खोलीत डोकावते. ही बोराएवढी असली तरी भरपूर रक्तस्राव करू शकते आणि गर्भ राहण्यात अडथळा आणू शकते. दुसरी कुडाच्या जाडीतच बसलेली असते. ती वाढली की पिशवी फुगते, पाळी लांबते, पोट दुखतं. तिसरी कुडाच्या बाहेरून चिकटलेली असते. ती रक्तस्राव फारसा करत नाही, पण मोठी झाली की मूत्राशयावर आणि आतड्यावर दाब देते. मग सारखी लघवीला लागते आणि शौचाला कुंथावं लागतं.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘गाठ ५ सेंमी’ एवढंच लिहून चालत नाही. खोलीत, कुडात की बाहेर, किती गाठी, आणि आतल्या अस्तराची जाडी किती, हे लिहून मागा. पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत.

किती गेलं म्हणजे जास्त?

‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचा त्रास कोणता आणि दवाखाना गाठायचा कोणता, याची सोपी मापं आहेत:

- पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते.
- तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड पूर्ण भिजतं, रात्री उठून बदलावं लागतं.
- दहाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात.
- चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसते.
- ओटीपोटात हाताला गोळा लागतो, पोट महिने भरल्यासारखं दिसतं.
- मूल राहत नाही, किंवा राहून पडतं.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ते गाठीवर ढकलायचं नाही. आधी कर्करोगाची तपासणी झालीच पाहिजे. पंचेचाळिशीच्या पुढे अवेळी रक्तस्राव होत असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. तो अहवाल हातात येण्याआधी कुठलंही ऑपरेशन ठरवू नका.

एखादीला धो-धो रक्त जातंय, उभं राहता येत नाही, घाम सुटलाय, अशी वेळ आली तर चर्चा करत बसायचं नाही. १०८ लावायचा. भगताकडे जायचं असेल तर ते नंतर. त्याने दिलेली मुळी घेतली असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. भूल देणाऱ्यालाही ते कळायला हवं.

सुरुवात घराजवळ

तपासण्यांसाठी पहिल्याच दिवशी मुंबई गाठायची गरज नसते. आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, आणि त्यावर जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, ज्याला सगळे नुसतं ‘कुटीर’ म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात आणि सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंकडून फोनवर विचारून मगच घर सोडा. खोडाळ्याहून किंवा एखाद्या आतल्या पाड्यावरून निघालेली बाई ‘आज मशीन बंद’ ऐकून परत आली, की पुन्हा महिनाभर येत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तेव्हा ‘पैसे नाहीत’ म्हणून पहिली पायरी चुकवू नका. इथे तीन गोष्टी करून घ्यायच्या: सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी.

तिसरी तपासणी आपल्या भागात फार मोलाची आहे. आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्यात तुमची तपासणी झाली असेल तर मिळालेलं कार्ड सोबत न्या. सिकलसेलची नुसती वाहक असलेल्या बाईला ऑपरेशनचा फारसा जास्त धोका नसतो. पण प्रत्यक्ष आजार असेल तर भूल देताना प्राणवायू कमी पडू न देणं, शरीर गार पडू न देणं, शिरेतून पाणी पुरेसं देणं, अशी सगळी काळजी वेगळी घ्यावी लागते. शिवाय रक्त कमी असण्याचं कारण गाठ आहे की सिकलसेल, की दोन्ही, हे कळल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नुसत्या गिळत राहण्यात अर्थ नाही.

आधी रक्त, मग टेबल

बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. गाठीमुळे रक्त गेलेल्या कितीतरी बायका ६-७ वर पोहोचलेल्या असतात आणि तरीही मोळी वाहत असतात. शरीराला हळूहळू सवय होते म्हणून त्या चालत-फिरत दिसतात. पण ऑपरेशनच्या टेबलावर ती सवय कामाला येत नाही.

जीव धोक्यात नसेल तर आधी हिमोग्लोबिन निदान १० वर आणणं शहाणपणाचं. लोहाच्या गोळ्यांनी त्याला दोन-तीन महिने लागतात. गोळी जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. कोरा चहा मात्र गोळीच्या आगेमागे तासभर नको, तो लोह अंगी लागू देत नाही. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल, तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. त्याने काही आठवड्यांत फरक पडतो. रक्त चढवणं हा शेवटचा उपाय, कारण रक्ताची पिशवी मिळवण्यासाठी घरच्यांची किती धावपळ होते ते इथे कुणाला सांगायला नको.

याच काळात रक्तस्राव आवरायला औषधं असतात. पाळीच्या दिवसांपुरती घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी, दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी करणारं मेफेनॅमिक ॲसिड, संप्रेरकांच्या गोळ्या. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा सिकलसेलचा आजार असेल, तर ट्रॅनेक्झॅमिकची गोळी डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय घेऊ नये. तांबीसारखंच दिसणारं, पण औषध सोडणारं साधन पिशवीत बसवता येतं. ते कित्येक वर्षं काम करतं आणि पाळी अगदी हलकी करतं. मात्र गाठीने पिशवीची खोली वेडीवाकडी केली असेल तर ते टिकत नाही. गाठ लहान करणारी इंजेक्शनंही आहेत. ती महिन्या-तीन महिन्यांच्या हिशेबाने देतात, पाळी थांबवतात आणि तेवढ्यात रक्त भरून येतं. पण थांबवली की गाठ पुन्हा वाढते. म्हणून ती ऑपरेशनची तयारी म्हणून घ्यायची.

बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल आणि औषधांवर त्रास आवरत असेल, तर पाळी जाईपर्यंत वाट पाहणं हाही उपचारच आहे.

कुठल्या गाठीला कुठली वाट

पुन्हा कुडाच्या घराकडे येऊ.

गाठ खोलीत डोकावत असेल तर कूड फोडायचं कारण नाही, दारातून जाता येतं. योनीमार्गातून बारीक दुर्बीण पिशवीत नेतात आणि गाठ आतल्या आत कापून बाहेर काढतात. पोटावर एकही टाका नाही, बहुतेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. या शस्त्रक्रियेत पिशवी फुगवण्यासाठी पाणी सोडतात आणि ते अंगात जास्त मुरलं तर त्रास होतो, म्हणून किती आत गेलं, किती बाहेर आलं याचा हिशेब ठेवणारी जागा हवी. मोठी गाठ कधी दोन बैठकांत काढावी लागते.

गाठ कुडात किंवा बाहेर असेल आणि पिशवी राखायची असेल, तर पोटातून दुर्बीण घालतात. बेंबीजवळ एक आणि खाली दोन-तीन, अर्धा ते एक सेंटिमीटरची भोकं. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, पडद्यावर पाहत गाठ सोलून काढतात आणि मग पिशवीची भिंत थरांनी शिवतात. या शिवणीला हात मुरलेला लागतो. आपल्याकडे दुर्बिणीचं तंत्र रुळवण्यात मुंबईच्या डॉ. तेहमतन उदवाडिया यांचं नाव अग्रभागी आहे. जे. जे. रुग्णालयात १९९० साली त्यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. गर्भपिशवी दुर्बिणीने काढण्याची पहिली शस्त्रक्रिया त्याच सुमाराची, १९८८ची, अमेरिकेत डॉ. हॅरी राइश यांनी केलेली.

सोललेली मोठी गाठ लहान भोकातून बाहेर कशी येते? तिचे तुकडे करावे लागतात. त्यासाठी यंत्र वापरतात. गाठीत न दिसलेला कर्करोग असेल तर तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राबद्दल इशारा दिला. तेव्हापासून गाठ आधी एका बंद पिशवीत घालून तिच्यात तुकडे करण्याची काळजी घेतली जाते. ‘तुकडे बंद पिशवीत करणार ना?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

गाठी फार असतील, फार मोठ्या असतील, किंवा आधीच्या ऑपरेशनांनी आत सगळं चिकटलेलं असेल, तर पोटावर लहान किंवा मोठी चीर देऊनच काम करणं सुरक्षित असतं. ‘दुर्बीण नाही म्हणजे डॉक्टर जुन्या पद्धतीचे’ असं समजू नका. दुर्बिणीने सुरू करून मध्येच चीर द्यावी लागली, तर तेही अपयश नव्हे. जीव आणि पिशवी सांभाळण्यासाठी बदललेली ती वाट असते.

मोठ्या शहरांत आणखी एक सोय आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठीला जाणारं रक्त बंद करतात, गाठ सुकत जाते. हे क्ष-किरण विभागातले खास तज्ज्ञ करतात. पुढे मूल हवं असलेल्या बाईला सहसा ते सुचवत नाहीत.

पिशवी काढायची का?

मुलं झाली आहेत, औषधं करून पाहिली, त्रास थांबत नाही, गाठी पुष्कळ आहेत, अशा वेळी पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. त्यानंतर गाठ परत येत नाही. नुसती गाठ काढली तर नवीन गाठी होऊ शकतात, हेही खरं. पण हा निर्णय कटकट मिटवण्यासाठी घ्यायचा नसतो.

बीडचं उदाहरण ताजं आहे. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड २०१९ मध्ये झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. कामाचा खाडा नको, पाळीची अडचण नको, कर्करोगाची भीती घातलेली, अशी कारणं पुढे आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईची अडचण उसाच्या फडातल्या बाईहून फार वेगळी नाही. म्हणून चाळिशीच्या आतल्या बाईला ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्याच. आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

काढायचीच ठरली तर दोन गोष्टी विचारा. पहिली, बीजकोष ठेवणार का? ते निरोगी असतील तर पाळी जाण्याच्या वयाआधी काढू नयेत. काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दुसरी, खालूनच काढता येईल का? पिशवी फार मोठी नसेल तर योनीमार्गातून ती काढता येते. पोटावर ना चीर, ना भोक, ना महागडं यंत्र. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी ही पद्धत अंग बाहेर न आलेल्या बायकांतही कशी वापरावी हे शिकवण्यात आयुष्य घातलं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे ते अध्यक्षही होते. जी बाई घाट उतरून घरी जाणार आहे, तिच्यासाठी ही वाट पुष्कळदा दुर्बिणीइतकीच हलकी असते.

कुठे जायचं, कसं जायचं

दुर्बिणीची शस्त्रक्रिया जव्हारलाच होऊ शकते का, हे कुटीरमध्ये आधी विचारा. बाहेर जायची वेळ आली तर तिथून संदर्भ चिठ्ठी घ्या. दोन दिशा आहेत. मोखाड्याकडच्यांना तोरंगणचा घाट चढून त्र्यंबकवरून नाशिक सोयीचं, तिथे जिल्हा रुग्णालय आहे. जव्हारहून नाशिक साधारण ऐंशी किलोमीटर. दुसरी दिशा ठाणे-मुंबईची. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, सायन, परळचं केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, नायर. खोडाळ्याकडच्यांना विहीगाववरून कसारा गाठलं की तिथून लोकल मिळते, आणि ती कळवा-ठाणे-सायन-परळ याच मार्गाने जाते. हिवाळाभर वीटभट्टीवर असाल तर भिवंडीहून कळवा जवळ आहे. फक्त सगळे कागद भट्टीवर सोबत न्या, पाड्यावर ठेवून जाऊ नका.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. रेशनकार्ड आणि आधार लागतं, दोन्हींवरचं नाव सारखं आहे का ते आधीच पाहा. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेल्या आहेत, म्हणून भरती होण्याआधी ‘माझं हेच ऑपरेशन इथे योजनेत बसतं का’ असं नेमकं विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येतं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. औषधाची सोय, सोबतच्या माणसाची राहण्याची अडचण तिथे सांगा.

सही किंवा अंगठ्याआधी

डॉक्टरांपुढे बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, आणि सोबत विचारू शकेल असं एक माणूस न्या:

- माझी गाठ खोलीत आहे, कुडात आहे की बाहेर? किती आहेत?
- आता ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?
- पिशवी राहणार की जाणार? बीजकोषांचं काय?
- ही शस्त्रक्रिया कोण करणार, आणि अशा किती केल्या आहेत?
- दुर्बिणीने जमलं नाही तर काय कराल?
- रक्त लागलं तर ते आहे का?

संमतीपत्र वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा. पिशवी राखायची असेल तर ते शब्दांत सांगा आणि कागदावर लिहून घ्या. ‘गरज पडल्यास गर्भाशय काढणे’ अशी ओळ असेल, तर ती गरज म्हणजे कोणती, ते समजल्याशिवाय अंगठा उठवू नका.

तारीख ठरवण्याआधी हंडा कोणाचा ते ठरवा

आता वर्षाचा हिशेब मांडू. आवणी जूनच्या शेवटी सुरू होते. गाठ काढून पिशवी शिवलेल्या किंवा पिशवी काढलेल्या बाईने निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही, चिखलात वाकून राबायचं नाही. म्हणजे ऑपरेशन मेच्या पहिल्या पंधरवड्याआधी व्हायला हवं. त्याआधी रक्त भरायला तीन महिने धरले, तर लोहाच्या गोळ्या जानेवारी संपण्याआधी सुरू झाल्या पाहिजेत. भट्टीवर जाणाऱ्या बाईने गोळ्या सोबत न्यायच्या, होळीला परत आल्यावर हिमोग्लोबिन तपासायचं आणि लगेच तारीख घ्यायची. जी घरीच राहते, तिला झोडणी संपल्यावरचा डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. तेव्हा शेत मोकळं असतं आणि विहिरीलाही पाणी असतं.

एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन म्हणजे नेमका पाणीटंचाईचा काळ. म्हणून घरच्यांनो, तारीख ठरवण्याआधी हंडा कोण उचलणार हे ठरवा. नवरा, दीर, मुलगा, कुणीही. पोटावर तीन बारीक चिकटपट्ट्या पाहून ‘एवढंच तर आहे’ असं घरच्यांना वाटतं आणि आठव्या दिवशी बाई विहिरीवर दिसते. आतली शिवण बाहेरून दिसत नाही, म्हणून ती सांभाळायची जबाबदारी बघणाऱ्यांचीही आहे.

ऑपरेशनआधी मशेरी आणि तंबाखू जितके आधी बंद होतील तितकं बरं, फुप्फुसाला आणि जखमेला दोन्हींना. सहा तास जेवण नाही. पाणी किती वेळ आधी थांबवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूमुळे दुखतो, एक-दोन दिवसांत जातो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चाला, त्याने पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो आणि पोट मोकळं होतं. घरचं हलकं काम आठवड्या-दोन आठवड्यांनी. पिशवी काढली असेल तर सहा आठवडे शरीरसंबंध नको.

सुट्टी मिळाल्यावर पाड्यावर जायची घाई करू नका. रस्ता नसलेल्या पाड्यावर घर असेल, तर शहराजवळच्या नातेवाइकाकडे तीन-चार दिवस काढता येतील का पाहा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढायला लागलं, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, ताप आला, तर आत आतड्याला इजा झाली असण्याची शक्यता असते. खालून सतत रक्त किंवा घाण वासाचं पाणी जाणं, लघवी न होणं किंवा नकळत झिरपणं, एकच पोटरी सुजणं, धाप लागणं, हीसुद्धा थांबायची लक्षणं नव्हेत. सकाळची एसटी यायची वाट न पाहता निघा.

पुढचं बाळंतपण

गाठ काढली, पिशवी राखली, आता मूल हवं आहे. शिवण पक्की व्हायला वेळ द्या. सहसा निदान सहा महिने, आणि तुमच्या बाबतीत किती, ते ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगतील. दिवस गेले की पहिल्याच तपासणीत आशाताईंना आणि सिस्टरना सांगा, ‘माझ्या पिशवीला शिवण आहे.’ शिवलेली भिंत कळांच्या जोराने क्वचित फाटू शकते, आणि ते आईला आणि बाळाला दोघांनाही घातक. अशा बाईचं बाळंतपण घरी नको, उपकेंद्रावरही नको. जिथे सिझेरियन आणि रक्त दोन्हींची सोय आहे तिथेच, आणि नववा लागला की त्या गावाजवळ राहायला जायचं. पावसात ओढा भरला म्हणून डोलीतून निघायची वेळ येऊ द्यायची नाही.

डॉक्टरांना हे कळायला एक कागद लागतो. रुग्णालय सोडताना मिळणाऱ्या सुट्टीच्या कागदावर ‘गाठ काढली’ एवढंच असेल, तर गाठ कुठे होती, शिवण किती खोल गेली, पुढचं बाळंतपण कसं करावं, हे लिहून मागा. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल पंधरा दिवसांनी जाऊन आणा. त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कागद रेशनकार्ड जिथे गुंडाळून ठेवता, तिथेच ठेवा. पोटावरचे व्रण वर्षभरात इतके पुसट होतात की पुढच्या डॉक्टरांना ते दिसणारही नाहीत. आत शिवण आहे हे मग त्या कागदावरूनच कळेल.